सामाजिक कादंबऱ्या वाचून जगाचा इतिहास कळतो का? सुरुवात कुठून करावी?

पाठ्यपुस्तकातला इतिहास डोक्यात राहत नाही, त्याऐवजी सामाजिक कादंबऱ्या वाचल्या तर चालेल का आणि त्यांतलं खरं किती मानायचं, असं तुम्ही विचारलं आहे. चालेल, पण कादंबरी एकटी वाचू नका. त्याच काळातला एखादा कायदा किंवा चौकशी अहवाल सोबत हवाच.

मी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’पासून सुरुवात करायला सांगेन. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांच्या मदतीचा कायदा बदलला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करायला लावणाऱ्या सार्वजनिक संस्थेत, राहायला यावं, आणि तिथले हाल बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा जास्त असावेत, म्हणजे उगाच कोणी येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. नवरा, बायको, मुलं यांना वेगवेगळं ठेवत. तीनच वर्षांनी, १८३७ मध्ये, डिकन्सची ही कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातल्या पोरांना दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा आणि रविवारी अर्धा पाव मिळतो. आता हा कायदा राबवणाऱ्या पुअर लॉ कमिशनचे आहारतक्ते बघा. त्यांत पेजेबरोबर पाव, चीज, बटाटे, काही दिवस मांसही आहे, आणि नऊ वर्षांवरच्या मुलांना बायकांइतकंच द्यायचं असं लिहिलं आहे. म्हणजे डिकन्सने वाढवून लिहिलं हे उघड आहे.

बरेच वाचक इथेच थांबतात आणि कादंबरी खोटी ठरवून मोकळे होतात. ही घाई करू नका. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्याच अँडोव्हरच्या वर्कहाउसमधला प्रकार बाहेर आला. खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांना चिकटलेलं मांस ओरबाडून खात होती, कारण तक्त्यातलं अन्न त्यांच्यापर्यंत पुरतं पोचतच नव्हतं. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि १८४७ मध्ये कमिशन जाऊन त्या जागी नवं मंडळ आलं. तेव्हा सरकारी कागदही कादंबरीइतकाच तपासून घ्यावा लागतो.

दुसरी चूक सालांची होते. वहीत तीन सालं लिहा: कथा कधी घडते, पुस्तक कधी आलं, कायदा कधी बदलला. फ्रेंच कादंबरीकार झोलाची ‘जर्मिनाल’ १८८५ ची, पण तिच्यातला कोळसा खाणीतला संप १८६० च्या दशकातला आहे. तिथे कॅथरिन ही मुलगी खाणीत उतरून काम करते. फ्रान्समध्ये बायका-मुलींना खाणीत उतरवायला १८७४ च्या कायद्याने बंदी आली होती. ही सालं न पाहता वाचलं, तर १८८५ मध्येही ते कायदेशीर होतं असा समज होतो.

लेखकाचा हेतू आणि परिणाम एकच धरू नका. अप्टन सिंक्लेअरने ‘द जंगल’ (१९०६) लिहिली ती शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांसाठी. लोक हादरले ते मात्र स्वतःच्या ताटातल्या मांसामुळे. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठवलेल्या तपासनिसांनाही घाण दिसली, आणि ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि अन्न-औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. मजुरी, कामाचे तास, कामावरचे अपघात यांबद्दल त्यांत काही नव्हतं.

अमेरिकेतली गुलामगिरी समजून घ्यायला सगळे हॅरिएट स्टोची ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) सुचवतात. जरूर वाचा, पण त्याआधी फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन वाचा. हॅरिएट स्टो गुलामगिरीत राहिलेली नव्हती. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणूनच जन्मला आणि १८३८ मध्ये निसटला. पुस्तक छोटं आहे. आपण नेमके कसे पळालो हे त्याने त्यात मुद्दाम सांगितलेलं नाही, कारण मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली असती. ती हकिकत त्याने १८८१ च्या आत्मचरित्रात दिली, तेव्हा अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून १५ वर्षं उलटली होती.