ऑलिंपिकच्या मापाची म्हणवली जाणारी आइस हॉकी रिंक (बर्फाचं मैदान) उत्तर अमेरिकेतल्या रिंकपेक्षा जास्त रुंद असते, म्हणून युरोपियन संघांचा खेळ जास्त आक्रमक असतो का?

उलट. मोठी रिंक म्हणजे जास्त गोल, हे टीव्हीसमोर बसून केलेलं गणित आहे. कॅनडाचाच पुरुष संघ घ्या. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिंपिकला एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) मापाची, म्हणजे जेमतेम २६ मीटर रुंद रिंक होती. तिथे त्यांनी ७ सामन्यांत ३५ गोल मारले. २०१४ ला सोचीच्या ३० मीटर रुंद बर्फावर ६ सामन्यांत १७. सुवर्णपदक दोन्हीकडे. सोचीत गोल खाल्ले फक्त ३! वाढीव चार मीटर कडेला मिळतात, गोलसमोर नाही. बचाव करणारे मध्ये दाटी करून उभे राहतात, तुम्ही बाहेरून घिरट्या घालत बसा.

खरा फरक वेळेत पडतो: अरुंद रिंकवर समोरचा लवकर अंगावर येतो. आणि तो फरक मी घरातच पाहिलाय. आमचा मुलगा फिनलंडमध्ये रुंद रिंकवर शिकला, डिफेन्समन. तो चौदा वर्षांचा असताना आम्ही कॅनडात, ओंटारियोत, अरुंद रिंकवर आलो. गोलमागच्या कोपऱ्यातून पक (हॉकीची रबरी चकती) स्टिकवर घ्यायचा, मान वर करायची, मोकळा गडी शोधायचा आणि पास द्यायचा, ही त्याची सवय. इथे मान वर होईपर्यंत समोरचा फॉरवर्ड त्याला बोर्डावर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) दाबून पक घेऊन पसार. कोचचं निदान तयारच होतं: "युरोपातली पोरं अंगावर घ्यायला घाबरतात." शेवटच्या पिरियडला हमखास बेंचवर. पार्किंगमध्ये मी रिंकच्या मापाचा विषय काढला, तर साहेब हसून म्हणाले, "तुमच्याकडे क्रिकेट असतं ना?"

संघातल्याच एका मोठ्या पोराने त्याला युक्ती सांगितली: पकाकडे धावतानाच दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं, पास कुठे द्यायचा ते पकाला स्टिक लागायच्या आधीच ठरलेलं हवं. हिवाळा संपेपर्यंत गडी त्या दाबातून सुटला. कोच सगळ्यांना सांगत फिरला, "मी त्याला कणखर बनवलं."

तेव्हा तुमचं पोर एका मापावरून दुसऱ्या मापावर जात असेल तर त्याला मान फिरवायला शिकवा, आणि घाबरट म्हणणाऱ्याला आधी टेप घेऊन रिंक मोजायला लावा.

हां, वरच्या आकड्यांत प्रतिस्पर्धी वेगवेगळे होते, सोचीत कॅनडाकडे केरी प्राइससारखा गोलरक्षक होता, हे धरायला हवं. शिवाय युरोपातही सगळ्या रिंक ३० मीटरच्या नसतात, फिनलंडमध्ये २८ च्याही आहेत. पण त्या कोचला मराठी वाचता येत नाही, हे फार वाईट झालं.