वाचकांचे प्रश्न : परगावाहून ॲडसेन्स उघडलं तर अकाउंट जातंय काय?

प्रश्न : सर नमस्कार, माझी शेतमालाच्या भावाची मराठी वेबसाईट आहे, साईटवर गूगलच्या जाहिराती दाखवायच्या ॲडसेन्सचे थोडेफार पैसे यायला लागलेत. पुढच्या महिन्यात लेकीकडं दुबईला जायलोय. मित्र म्हणतोय तिथनं लॉगिन करू नकोस, गूगलला वाटंल दुसराच कोणतरी अकाउंट वापरायलाय आणि डायरेक्ट बंद करून टाकतील. मग महिनाभर बघायचंच नाही काय? रोज सकाळी चहाबरोबर किती डॉलर झाले बघायची सवय लागलीय, खरं सांगतो. – एक वाचक, निपाणी

उत्तर : बघा की, बिनधास्त बघा. दुसऱ्या गावातनं, दुसऱ्या देशातनं लॉगिन केलं एवढ्यावरनं कुणाचं ॲडसेन्स बंद करत नाहीत. आणि तुम्ही निपाणीचे, तुम्हाला तर हे आधीच कळायला पाहिजे, कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलात गेलं की राज्य बदललं, टॉवर बदलला, तरी रोज कोल्हापूरला ये-जा करणाऱ्या कुणाचं अकाउंट त्यापायी गेलंय काय? घरात बसून मोबाईल डेटा वापरला तरी आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, कधी बेंगळुरूचा दिसतोय तर कधी आणि कुठल्या शहराचा, आणि एकेका आयपीमागं हजारो लोक असतात. तुम्ही कुठं आहात ह्याच्याशी गूगलला फारसं घेणं नाही, जाहिरातीवर कोण आणि का क्लिक करायलंय तेवढं ते बघतात.

घोळ होतोय तो दुसरीकडंच. दुबईत उतरल्यावर लोक तिथलं सिम घालतात आणि आपलं सिम काढून पाकिटात टाकतात. मग लेकीच्या लॅपटॉपवर लॉगिन करायला गेलं की गूगल म्हणतंय तुम्हीच आहात हे दाखवा, आणि कोड जातोय त्या पाकिटातल्या सिमवर. तीनचार वेळा खटपट करून माणूस घामाघूम, आणि वाटतं अकाउंट गेलं. गेलेलं काही नसतंय, फक्त दार उघडंना झालंय. म्हणून निघायच्या आधी घरीच, आपल्याच फोनवर एवढं करून ठेवा : गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा, तिथंच बॅकअप कोड मिळतात, दहा असतात, आठ-आठ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतोय. ते कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, फोनच्या कव्हरमागं नको, फोन हरवला तर कोड पण त्याच्याबरोबर जातील. फोनवरच कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप घातलंत तर आणखी बरं, त्याला सिम लागत नाही की रेंज लागत नाही.

आणि व्हीपीएन लावून भारतात असल्यागत दाखवायची काही गरज नाही, उगीच सोंग कशाला.

चहाबरोबरच्या आकड्याबद्दल एक सांगतो, तो अंदाजी असतोय. महिना संपला की तपासून, चुकीचे क्लिक वजा करून पक्का आकडा लागतोय, शंभर डॉलरच्या वर गेला तर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पैसे सोडतात. तुम्ही दिवसातनं दहादा उघडून बघितलं म्हणून त्यात काही वाढत नाही हो.

प्रश्न : माझी रेसिपीची साईट आहे. गडहिंग्लजला नात्यातल्या लग्नाला गेले होते, तिथं सगळ्यांनी कौतुकानं कुंद्याची रेसिपी उघडली आणि "तुला पैसे मिळू देत की गं" म्हणून दोघीतिघींनी जाहिरातीवर पण बोटं लावली. त्याच घरच्या वायफायवर मी पण अकाउंट उघडलं होतं. आता झोप लागंना झालीय. – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आधी झोपा. वायफाय एकच होतं त्याचं काही नाही, पण क्लिकचं मात्र मनावर घ्या, कारण खरी अकाउंटं जातात ती ह्याच मायेपोटी. आपल्या जाहिरातीवर आपण क्लिक करायचं नाही आणि दुसऱ्याला करायला सांगायचं नाही, हा नियम एकदम कडक आहे. चार क्लिक पडले तर गूगल ते ओळखून बाजूला काढतंय, त्याचे पैसे देत नाही, बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. पण मावशीनं आवडीनं रोज दहा क्लिक करायचा नेम धरला तर मात्र अवघड आहे, तो आकडा साईटच्या एवढ्याशा ट्रॅफिकमध्ये उठून दिसतोय. मनाला फारच लागत असेल तर ॲडसेन्सच्या मदत विभागात चुकीच्या क्लिकबद्दल कळवायचा फॉर्म आहे, त्यात झालं ते सरळ लिहून द्या. आणि फॅमिली ग्रुपवर आजच टाका, रेसिपी वाचा, करून बघा, जाहिरातीला हात लावू नका. मावशी थोडी रुसंल, रुसू दे.

स्वतःची साईट प्रवासात उघडून बघायला काही हरकत नाही, फोनवर कशी दिसते ते बघायलाच पाहिजे. एखादी जाहिरात कुठं नेते हे बघायचं असलं तर तिच्यावर टिचकी मारू नका, त्या कंपनीचा पत्ता ब्राऊझरमध्ये वेगळा टाईप करून बघा.

प्रश्न : गोव्यात लॉजच्या काऊंटरवरच्या कॉम्प्युटरवर अकाउंट उघडलं तर चालतंय काय? का पासवर्ड भाच्याला देऊन जाऊ, तो बघंल? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : दोन्ही नको. लॉजच्या मशीनमध्ये कुणी काय घालून ठेवलंय तुम्हाला काय माहीत, स्वतःच्या फोनचा डेटा वापरा. चोर्ला घाटात रेंज गेली तर तासभर नाही बघितलं, काय बिघडत नाही. अगदीच अडलं आणि उघडलंच, तर नंतर आपल्या फोनवर गूगल अकाउंटमधल्या डिव्हाइसच्या यादीत जाऊन ते मशीन साईन आउट करा आणि पासवर्ड बदला. भाच्याला पासवर्ड कशाला, ॲडसेन्समध्येच त्याच्या ईमेलवर आमंत्रण पाठवून त्याला युजर म्हणून घेता येतंय, साधा ॲक्सेस द्या, ॲडमिन करू नका, परत आलात की काढून टाका.

प्रश्न : दहा डॉलर झाले, पत्ता तपासायचा पिन पोस्टानं येणार म्हणतात. आणि मी तर वारीला निघालोय. – एक वाचक, चिकोडी

उत्तर : जावा खुशाल. पिन यायला दोनचार आठवडे लागतात, आणि पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांच्या आत टाकला की झालं, त्यानंतर मात्र जाहिराती थांबवतात. घरच्यांना सांगून ठेवा, गूगलचं पाकीट आलं तर जाहिरातीचा कागद समजून रद्दीत टाकू नका म्हणून. नाहीच मिळालं तर परत आल्यावर दुसरा मागवता येतो.