कुंडीतला लेट्यूस कडू होतो. गोड, कोवळी पानं मिळण्यासाठी कोणतं खत घालावं?

खतानं हा कडूपणा जाणार नाही. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत पेरलं, एप्रिलमध्ये पानं कडूजहर निघाली आणि शेजारी म्हणाले, 'आपल्या मातीत हे येतच नाही.' हेच वाक्य मी माझ्या मोठ्या दिरांकडून चार वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

भाऊजींची जुन्नरकडे शेती, कांदा आणि कोबी. पुण्यात गच्चीवर मी पहिल्यांदा लेट्यूस लावला, तेव्हा जानेवारीत पानं तळहाताएवढी झाली होती, लुसलुशीत. तोडायला गेले तर भाऊजी म्हणाले, "गड्डा भरू दे की. आत्ताच काय तोडतेस?" हा कोबीचा हिशोब. माझी जात सुट्ट्या पानांची, तिचा गड्डा भरतच नाही. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, मी थांबले. मार्चमध्ये मधला शेंडा बघता बघता वर सरकला, पानं लांबट झाली. गुढीपाडव्याला सगळे जेवायला होते. मी हौसेनं ती पानं लिंबू, मीठ, दाण्याचं कूट घालून वाढली. प्रत्येकाच्या ताटात ती तशीच राहिली, आणि भाऊजींनी सगळ्यांसमोर मातीचं ते वाक्य ऐकवलं.

संध्याकाळी मी एक रोप मोडलं. दांड्यातून पांढरा चीक आला, बोटांना चिकटला. जिभेला लावून पाहिला, तर सगळा कडूपणा त्यातच. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच आलंय. ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की झाड फुलावर येतं, आणि पानं कडू होत जातात. भाऊजींच्या कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, तसंच हे. कांद्याला ते थंडीनं येतात, याला उष्म्यानं. डेंगळे आले म्हणून ते कधी जुन्नरच्या मातीला नावं ठेवत नाहीत, मग माझ्या कुंडीतल्या मातीलाच का?

पुढच्या वर्षी मी ऑक्टोबरअखेर पेरलं. बी कोथिंबिरीसारखं खोल घालू नका, त्याला उजेड लागतो. वरून चिमूटभर माती भुरभुरली की पुरे. हवा तीस अंशांच्या वर असेल तर बी नीट उगवत नाही, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा. महिना-सव्वा महिन्यानं बाहेरची पानं सकाळी खुडायला लागा, मधला कोंब राहू द्या, आणि कुणी काहीही म्हटलं तरी थांबू नका. समुद्रमेथी, म्हणजे वाळूतली बारीक मेथी, आपण बोटभर असतानाच खातो, तिथे कुणी वजन येण्याची वाट बघत नाही. चांगली पालेभाजी वजनावर जोखायची नसते, हे मी भाऊजींना अजूनही सांगते.

पाण्याचं मात्र सांभाळा. मुळं वरवर असतात, दोन दिवस माती सुकली तरी पान राठ होतं. सकाळचं ऊन, दुपारी आडोसा. खताचं विचारलंत तर मूठभर गांडूळखत पंधरा दिवसांनी, बाकी काही नको. हे सगळं पुण्याच्या हवेचं सांगितलं, नागपूरकडे असाल तर जानेवारीतच उरकून घ्या. आणि आइसबर्ग या गड्ड्याच्या लेट्यूसच्या नादाला लागू नका, त्याच्या गड्ड्याला लांबलचक थंडी लागते.

आत्ताची झाडं काढून टाका. थंड पाण्यात बुडवून पानं कुरकुरीत होतील, गोड होणार नाहीत. एक झाड बियांसाठी ठेवा. पिवळी फुलं येतात, मग बियांवर म्हातारीसारखा कापूस धरतो, तेव्हा काढून घ्यायच्या. माझ्या बियांची एक पुडी मी यंदा भाऊजींना दिलीय, त्यांच्या कांद्याच्या वाफ्याच्या कडेला लावायला.