"मॅडम, मी घरी किरणं घेऊन जाते का हो?"

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे जिथे किरणोत्सर्गी औषध टोचून तपासणी करतात तिथे, काम करणारं कुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. कुणी आपलं अंथरूण वेगळं केलेलं असतं, कुणी मूल होऊ देणं पुढे ढकललेलं असतं. एक्स-रे विभागातल्यांना ही धास्ती त्या मानाने कमी, कारण त्यांचं यंत्र बंद केलं की किरणंही थांबतात. इथे बटणच नाही. कुपीतलं औषध रात्रंदिवस किरणं टाकत असतं आणि ते सिरिंजमध्ये भरायचं, शिरेत सोडायचं ते बहुतेक वेळा हातानेच. इंजेक्शन दिलं की पुढचे काही तास रुग्ण स्वतःच किरणांचा स्रोत होतो.

या सगळ्यांना मी जे सांगते, ते एका तंत्रज्ञ मुलीच्या निमित्ताने मला नीट उमगलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आल्या आहेत.

ती पेट स्कॅन (PET, असं औषध टोचून शरीराच्या आतलं चित्र घेणारी तपासणी) विभागात कामाला. घरी दोन वर्षांचा मुलगा. ड्युटी संपल्यावर तिथेच अंघोळ, घरी आल्यावर पुन्हा अंघोळ. हात इतके घासलेले की कातडी सोलवटलेली. मुलगा धावत आला की ही दोन्ही हात वर धरून मागे सरकायची. "आता तो येतच नाही माझ्याकडे," ती म्हणाली आणि रडली.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे म्हणतो, त्याने माणूस जास्त बेजार होतो, असं मी मानते. पण ते म्हणणं तपासायचं तर आधी खरं काय ते माहीत पाहिजे. त्यामुळे या क्षेत्राची माहिती मी आधीच एका वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांकडून समजून घेतली होती. सगळेच समुपदेशक एवढे कष्ट घेत नाहीत.

तिला सांगितलं, दिव्याच्या उजेडात बसलेला माणूस अंधारात गेल्यावर चमकत नाही. तसं किरणं अंगावर पडली म्हणून अंग किरणं टाकायला लागत नाही. घरी जाऊ शकतो तो फक्त सांडलेला थेंब, हाताला, बुटाला किंवा कोटाला लागलेला. त्यासाठी सर्व्हे मीटर, म्हणजे किरणं मोजणारं हातातलं यंत्र, आहे. निघताना हात, कपडे, बुटांचे तळ त्यासमोर धरले आणि काटा नेहमीच्याच पातळीवर राहिला, तर खुशाल घरी जावं. थेंब लागलाच तर साबण, कोमट पाणी आणि हलका हात. खसाखसा घासून कातडी सोलली तर उलट तो आत शिरायला वाट मिळते. शिवाय पेटमधलं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. गॅमा कॅमेऱ्यासाठी, म्हणजे विभागातल्या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनसाठी, वापरतात त्या टेक्नेशियम-99एमला त्यासाठी 6 तास लागतात.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, मॅडम."

माहिती कमी म्हणून भीती, हा हिशोब तिथेच संपला. मी वेगळीकडून विचारलं. अंगावर किती किरणं पडली ते मोजायला या लोकांना कपड्यावर बॅज आणि बोटात रिंग लावायची असते, त्याबद्दल.

"मागच्या वेळी तुमच्या बॅजचा आकडा किती आला?"

"बघितला नाही."

"आणि बोटातली रिंग?"

"लॉकरमध्ये असते."

"का?"

"जास्त आला तर?"

"औषध भरताना सिरिंजला किरणं अडवणारं शील्ड लावता?"

"जड होतं ते. खुणा नीट दिसत नाहीत, वेळ जातो. तेवढ्यात मी पटकन उरकते. कमी वेळ म्हणजे कमी डोस ना?"

मी कागदावर दोन रकाने आखून दिले. एकात लिहायचं, किरणं कुठे असतात. दुसऱ्यात, तुम्ही काळजी कुठे करता. डावीकडे तिने भराभर लिहिलं: हॉट लॅब (औषध तयार करायची खोली), इंजेक्शनची खोली, स्कॅनच्या टेबलाशी रुग्णाला झोपवतानाची मिनिटं. उजवीकडे लिहिलं: बाथरूम, गादी, मुलाचं डोकं. मग ती पेन हातात धरून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

"एकही जागा जुळत नाही," ती शेवटी म्हणाली.

माझ्या दृष्टीने तिची गाठ इथे सुटली. धोका नसलेल्या जागी ती तासन्‌तास खर्च करत होती आणि धोक्याच्या मिनिटभरात तिची बोटं उघडी होती. भीतीने जीव इतका घाबरा केला होता की आकड्याकडे बघवत नव्हतं. आकडा न बघितल्यामुळे भीतीला कसली मर्यादाच राहिली नव्हती. त्यानंतर मी अशा प्रत्येकाला आधी बॅजबद्दल विचारते. घाबरलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आपला आकडा बघितलेलाच नसतो.

पुढचं काम साधं होतं. अंघोळ एकदाच, आणि तिच्या आधी मीटर. रिंग रोज घालायची: ज्या हाताने कमी काम करतो त्याच्या तर्जनीच्या मुळाशी, हातमोज्याच्या आत, रिंगमधला संवेदक औषधाच्या बाजूला. बोटाच्या टोकाला रिंगच्या आकड्याच्या कितीतरी पट डोस बसू शकतो, म्हणून कुपी उघड्या बोटांनी धरायचीच नाही, चिमटा वापरायचा. शील्डचा सराव तिने साध्या पाण्यावर केला. हात बसल्यावर वेळही पूर्वीइतकाच लागू लागला. रुग्णाला काय सांगायचं ते इंजेक्शनच्या आधी, सुई टोचून ठेवायची तीही आधी, नंतरचं बोलणं लांबून. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाईवर येतो. एक्स-रेचा अर्ध्या मिलिमीटरचा लेड अ‍ॅप्रन पेटच्या 511 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जोरदार किरणांपुढे जवळपास निरुपयोगी, हे ठाऊक असूनही ती मनाच्या समाधानासाठी तो घालायची. आपणहून काढून ठेवला. तिथे उपयोग होतो तो औषधाभोवतीच्या जाड शिशाचा किंवा टंगस्टनचा.

आकडे आम्ही एकत्र बसून बघितले. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशीप्रमाणे कर्मचाऱ्याला शरीरासाठी 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात 50ची मर्यादा आहे. हातांसाठी ती वर्षाला 500. निसर्गातूनच जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2 ते 3 मिलिसीव्हर्ट मिळतात. तिचा बॅज मर्यादेच्या बराच खाली होता. रिंगचा आकडा मात्र, पहिल्यांदा आला तेव्हा, सहकाऱ्यांपेक्षा जास्त निघाला, मर्यादेच्या पुष्कळ आत असला तरी. तिला तो बघून हायसं वाटलं. "म्हणजे करण्यासारखं काहीतरी आहे," ती म्हणाली. शील्ड अंगवळणी पडल्यावर पुढचा आकडा उतरला. मुलगा कधी परत जवळ यायला लागला, ते तिने मला सांगितलं नाही, मीच विचारल्यावर म्हणाली, "अहो, तो तर आता खाली उतरतच नाही."

मूल हवं असलेल्यांसाठी दोन गोष्टी. हिरोशिमा आणि नागासाकीच्या स्फोटांतून वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांची दीर्घकाळ पाहणी झाली, त्यात वारशाने येणारे दोष वाढल्याचं आढळलं नाही. आणि दिवस राहिले तर विभागात लगेच सांगा. बाळासाठी मर्यादा वेगळी, खूपच कमी आहे, उरलेल्या गर्भारपणात साधारण 1 मिलिसीव्हर्ट. त्याप्रमाणे काम बदलून मिळतं, पण सांगितलं तरच.

विभागप्रमुखांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही थोडं सांगते. आकडा वाढला की पहिला प्रश्न "काय घोळ घातलास?" असा असेल, तर रिंगा लॉकरमध्येच राहणार. त्याऐवजी त्या माणसाच्या शेजारी उभं राहून तो औषध कसं भरतो ते एकदा बघा. बहुतेक वेळा शील्ड मापाचं नसतं किंवा खोलीत एकच असतं.