१:८७ स्केलचा (खऱ्याच्या ८७व्या भागाएवढा) रेझिनचा गँगमन, म्हणजे रेल्वेरुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराचा छोटा पुतळा, रंगवतोय, पण रंग सोलून निघतो आणि नारंगी जॅकेट मळकट दिसतं, काय करू?

रेझिनवर साच्याचा तेलकट थर राहतो, म्हणून रंग निघतो. भांड्यांचा साबण नि कोमट पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, पूर्ण वाळू द्या, मग राखाडी प्रायमरचा पातळ हात मारा. पॉलिश पेपर ओलाच वापरा, रेझिनची धूळ छातीत जायला नको.

नारंगी रंग बहुतेकदा अर्धवट पारदर्शक असतो हो, थेट राखाडीवर लावला की मळकट दिसणारच, म्हणून जॅकेटपुरता आधी पांढरा द्या आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक नारंगीचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा. माणूस जेमतेम २ सेंटीमीटरचा, डोळे रंगवत बसू नका, मी रंगवले तर भूत दिसलेला दचकलेला गडी झाला! शेवटी तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग, खाचांत उतरून सावली देतो), मग मॅट वार्निश.