डोंगरात बेवारस ड्रोन सापडला आहे. ठेवून घेतला तर चालेल का? मालक कसा शोधायचा?

यवतेश्वरच्या उतारावर झुडपात अडकलेला ड्रोन मिळाला, त्यावर नाव नाही, नंबर नाही, आणि मित्र म्हणतायत ठेवून घे, असं तुम्ही लिहिलंय. ठेवू नका. रिमोटशिवाय तो शोकेसमधलं खेळणं आहे. शिवाय मालक शोधायची धडपडही न करता गिळलात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि वर दंड. परत करायच्या हेतूनं उचलून ठेवला तर गुन्हा होत नाही.

आता मालक कसा शोधायचा. याच्यावरनं आमच्या थोरल्या दादाचं आणि माझं दोन वर्षं वाजतंय, म्हणून तर लिहायला बसलो.

आमचं रान अंकलखोपच्या अंगाला, कृष्णेकाठी. आडसाली ऊस तोडीला आलेला, टोळी फडात होती. एक मावशी पाचटातनं एक यंत्र घेऊन बांधावर आल्या, "मालक, हे तुमचं हाय का बघा." चार पंख्यांतला एक मोडलेला, कॅमेरा वायरीवर लोंबकळत होता. दादा म्हणाला, "पिशवीत घाल आणि ठाण्यात नेऊन टाक. आतल्या कार्डाला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं पाकीट उघडल्यागत हाय ते." मी म्हटलं, पाकीट सापडल्यावर नाव बघायला माणूस उघडतोच की.

संध्याकाळी पुतण्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिल्याच क्लिपमध्ये उडवणाऱ्याचे बूट, मग लग्नाची कमान, कमानीवर नवरा-नवरीची नावं, शेजारी मंगल कार्यालयाचा बोर्ड आणि त्यावर फोन नंबर. कार्यालयाच्या मॅनेजरनं फोटोवाल्याचा नंबर दिला. साडेसातला कार्ड घातलं, नऊला मालक फोनवर. ठाण्यात टाकला असता तर अजून तिथंच धूळ खात पडला असता, हे माझं आजही म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी गडी दोन पोरांना घेऊन आला. चहा हातात घ्यायच्या आधी पहिला प्रश्न, "कार्ड कुणी उघडलं?" लोकांच्या घरातल्या हळदीचं शूटिंग आहे, पार्टीला काय सांगू वगैरे. मग कॅमेरा बघितला आणि म्हणाला, तुम्ही ओढाताण केली म्हणून तुटला, चार हजार द्या. दादा खांबाला टेकून उभा. बोलला काही नाही, नुसता माझ्याकडं बघत होता. त्या बघण्याचा राग मला अजून आहे.

पुतण्या डिप्लोमाला होता, तो म्हणाला, "तुमच्या मोबाईलमधलं त्या दिवशीचं उड्डाणाचं रेकॉर्ड उघडा." बॅटरी कमी झाली तसा ड्रोन आपोआप माघारी निघालेला, पण परतीची उंची ठेवलेली जेमतेम, आणि वाटेत आमच्या बांधावरचा नारळ. उंचीची रेघ तिथं विहिरीत दगड टाकल्यासारखी खाली आलेली. फोटोवाला गप्प झाला. चार हजाराचा विषय संपला, पण चुकलं म्हणाला नाही. दादा हा शेवटचा भाग कुणाला सांगत नाही. कार्ड उघडलं, फोटोवाला भांडला, एवढंच सांगतो.

तेव्हा तुम्ही उचलायच्या आधी, जिथं जसा पडलाय तसा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. आम्ही घेतला असता तर त्या माणसाला तोंड उघडायला जागाच नव्हती. कायद्यानंही सापडलेली वस्तू आपल्या वस्तूइतकी जपायची, एवढीच आपली जबाबदारी. १८७२ च्या करार कायद्यात कलम ७१ आहे त्याचं. आधीच मोडलेल्याची भरपाई तुमच्या गळ्यात नाही. बॅटरी काढून ठेवा. फुगली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, घरातही नको, बाहेर मोकळ्या मातीवर ठेवा. बॅटरीच्या खाचेत किंवा पोटाखाली सिरीयल नंबर असतो, त्याचा फोटो काढा, पण चारचौघांत टाकू नका. जो मालक म्हणून येईल त्यानं तो नंबर बिलावर किंवा ॲपमध्ये दाखवायचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ड्रोनला नोंदणीचा ओळख क्रमांक लागतो, पण आमच्याकडच्या लग्नवाल्यांना विचारा, हसतात.

बक्षिसाचं म्हणाल तर त्या फोटोवाल्यानं स्टेटसला 'आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस' ठेवलं होतं. त्याच करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, दावाही लावता येतो. 'योग्य' म्हणजे ठरावीक नव्हे. जाताना पाचशे टेकवले, ते मी मावशींना दिले. दादा म्हणाला, रान आपलं. मी म्हटलं, सापडला कुणाला?

आता एक कबूल करतो. मालकाचा नंबर मिळाल्यावर कार्ड तिथंच काढायला पाहिजे होतं. पुतण्या पुढच्या क्लिपा बघत बसला आणि नवरीचा शालू बघायला वहिनीपण येऊन टेकल्या. (दादा गोष्ट सांगताना वहिनींना बरोबर वगळतो.) तेवढ्यापुरता फोटोवाला चुकीचा नव्हता. तुम्ही पोलीस पाटील नाहीतर दोन शहाणी माणसं समोर बसवा, पहिली नि शेवटची क्लिप बघा आणि बंद करा. फोटोच्या माहितीत अक्षांश-रेखांश असतात, त्यावरनं कुठनं उडवला ते कळतं. यवतेश्वर म्हणजे कासची वाट, मालक पुण्या-मुंबईचाही असेल, तेव्हा पहिल्या क्लिपमध्ये गाडीचा नंबर दिसतो का बघा.

आणि हो, ठाण्यात जाऊच नका असं नाही. आठवड्यात मालक लागला नाही तर लेखी अर्ज देऊन जमा करा आणि पोच घ्या. ड्रोनला काही बांधलेलं दिसलं तर हातच लावायचा नाही, ११२ फिरवा. फवारणीचा मोठा, टाकीवाला असेल तर औषध असतं, उघड्या हातानं धरू नका.

कार्डावर काय निघालं ते इथं नक्की लिहा. दादाला दाखवायचंय.