गोव्यातल्या मोले जंगलात वसंतात जाताय?

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य निवडा. तेव्हा पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असतात आणि मधासाठी पक्षी त्यांच्यावर गर्दी करतात. पानगळीमुळे ते दिसतातही छान. दुधसागर धबधबा ३१० मीटर उंच असला तरी या दिवसांत धार बारीक असते. पाण्याचा लोटच बघायचा असेल तर पावसाळा ओसरल्यावर या. धबधब्याकडे जाणाऱ्या जीप कुळे येथून सुटतात. सकाळी लवकर पोचा, सुट्टीच्या दिवशी रांग लांबते. रेल्वेरुळांवरून चालत जाऊ नका, ते बेकायदा तर आहेच, जिवावरही बेतू शकतं.

खरी काळजी गोचिडांपासून घ्या. त्या चावल्याने होणाऱ्या माकडतापाचा हंगाम हाच, आणि शेजारच्या सत्तरी तालुक्यात रुग्ण सापडलेले आहेत. लांब बाह्या घाला, पँट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका. परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागे नीट तपासा आणि गरम पाण्याने अंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

माणशी दोन लिटर पाणी घ्या. विडी-सिगारेट, आगपेटी घरीच ठेवा: २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते. वेळ उरला तर तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर बघाच.